एका पदरासाठी जंगलाला वळसा

“हे तू त्याच्यासाठी नेतेस, का त्याच्याविरुद्ध?”

आरेतल्या एका पाड्यावर, चिंचेच्या झाडाखाली, एका बाईंनी मला हे विचारलं. माझ्या हातात तेव्हा कात्री होती. तेव्हा मी काहीतरी बोलले, पण ते उत्तर नव्हतं. आज पुन्हा तिथूनच घरी आले, हातपाय धुतले, जेवले, आता लिहायला बसले आहे, तरी खरं उत्तर येत नाहीये. वाचता वाचता तुम्हाला सुचलं तर खाली लिहा, मी खरंच वाट बघेन.

मुंबईत राहून मुंबईच्याच जंगलाला वळसा कसा घालायचा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मी तो घातला. मुलुंड, आरे, बोरिवली. हौसेने नाही, कामासाठी. बस कुठली, खायचं काय, काय बघायचं, सगळं सांगते. मध्येच माझं लक्ष दुसरीकडे गेलं तर समजून घ्या.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मी घाटकोपरला राहते आणि वन्यप्राण्यांच्या डीएनएवर काम करते. विष्ठा, केस, लाळ, रक्त, जे मिळेल त्यातून हा प्राणी कोणता, नर का मादी, आणि त्यांतला नेमका कोण हे शोधायचं. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे माझं काम आई शेजारणींना तिच्या पद्धतीने सांगते: “आमची वाघाच्या शीचा रिपोर्ट काढते.” बाबा शाळेची व्हॅन चालवतात. त्यांचं म्हणणं, शी तर व्हॅनमध्येही पुसावी लागते, त्याला एम.एस्सी. कशाला.

झालं असं होतं. आरेत शेवंताबाई म्हणून एक बाई संध्याकाळी डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन घरी येत होत्या. मागून बिबट्याने झडप घातली. भारा पडला, त्यांनी आरडाओरडा केला, माणसं धावली आणि तो पळाला. बाई वाचल्या, मानेवर आणि खांद्यावर टाके पडले. मग वनखात्याने तिथे पिंजरा लावला आणि चार-पाच दिवसांनी त्यात एक तरुण नर अडकला. त्याला बोरिवलीला नेऊन ठेवलं.

आता प्रश्न एवढाच होता, हा तोच का? तोच असेल तर तो जन्मभर गजाआड राहणार. नसेल तर त्याला पुन्हा जंगलात सोडायचं. सोडल्यावर शेवंताबाईंना त्याच वाटेने लाकडं आणायची होती, हेही विसरून चालत नाही. वनखात्याच्या साहेबांवर दोन्हीकडून दबाव होता, म्हणून त्यांनी आमच्या प्रयोगशाळेच्या सरांना विचारलं आणि सरांनी मला पाठवलं.

मुलुंड

घाटकोपरहून मुलुंडला मी एलबीएस रोडने बसने गेले. सकाळी लवकर निघालात तर खिडकी मिळते. स्टेशनजवळ उसळ-पाव खाऊन घ्या, कारण पुढे जंगलात चहासुद्धा नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगते, या बाजूने परवानगीशिवाय आत शिरू नका. तुम्हाला फिरायचंच असेल तर बोरिवलीच्या दारातून माहितगार माणसाबरोबर जाता येतं.

माझ्याबरोबर वनरक्षक तांबेकाका होते. मूळचे सावंतवाडीकडचे, निवृत्तीला आलेले. आरेतून पिंजरा उचलून बोरिवलीला नेणाऱ्यांत तेही होते.

तुम्ही म्हणाल, बिबट्या आरेत पकडला, मग मुलुंडला काय काम? त्याचं असं आहे. आपल्या जंगलाला चारी बाजूंनी शहराने वेढलंय. आतले बिबटे एकमेकांचे नातेवाईक असणार. एका आळीतल्या चुलतभावांचे चेहरे जसे मिळतेजुळते असतात, तसा त्यांचा डीएनएही. म्हणून इथल्या बाकीच्या बिबट्यांचे नमुने हाताशी लागतात. नाहीतर ‘जुळलं’ या शब्दाला अर्थ राहत नाही.

सावरीची लाल फुलं वाटेवर पडली होती आणि पानं इतकी वाळली होती की आमचाच आवाज आम्हाला मोठा वाटत होता. बिबट्या विष्ठा टाकतो ती अगदी वाटेच्या मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून. पहिली सापडली ती उन्हाने पांढरी पडलेली. दुसरी ताजी होती. तिच्यात कुत्र्याचे केस होते आणि लाल पट्ट्याचा एक तुकडा.

“कोणाचा तरी टॉमी,” काका म्हणाले. “सोसायटीत अजून पत्रकं लावत असतील, हरवला म्हणून.”

प्रत्येक नमुन्याला हातमोजे बदलायचे, काडी बदलायची, नळी वेगळी. एकाचं दुसऱ्याला लागता कामा नये. आमच्या कामातला हा पहिला धडा. मी तो काकांनाही ऐकवला, जरा ऐटीतच. ते म्हणाले, देवपूजेलाही एवढं सोवळं नसतं.

तेवढ्यात वरच्या अंगाला एक चितळ ओरडलं, मग दुसरं. काकांनी हात वर केला. आम्ही जागच्या जागी थांबलो. पुढच्या धुळीत पंजाचा ठसा होता, कडा अजून न ढासळलेल्या.  बऱ्याच वेळाने ओरडणं थांबलं. काका वळले आणि आम्ही दुसऱ्या वाटेने निघालो.

परतताना मी त्यांना बोरिवलीतल्या बिबट्याबद्दल विचारलं.

“पहिले दोन दिवस तो गुरगुरलो, धडका दिल्यान. मग गप्प झालो.” थोडं चालून ते म्हणाले, “आता तू जातलंस थंय. जास्त वेळ बघूक नको, बाय.”

आरे

नाहूरला मैत्रिणीकडे राहिले. तिच्या आईने रात्री सुरमई केली होती, पण माझं जेवणात लक्ष नव्हतं. सकाळी निघाले ते कांजूरमार्ग, पवई करत. कांजूरला वाऱ्याची दिशा फिरली की कचरा डेपोचा वास येतो आणि बसमधली सगळी माणसं एकदम रुमाल काढतात. पवईवरून रिक्षाने आरेत शिरलं की हवा दोन अंशांनी थंड होते. मीटरनेच या, इथले रिक्षावाले तसे सरळ आहेत, फक्त संध्याकाळी पाड्याकडे वळायला कुरकुर करतात. आता तर जास्तच.

पाडा म्हणजे पंधरा-वीस घरं, मागे तबेले, आणि त्यापलीकडे गोरेगावचे टॉवर. शेवंताबाई ओट्यावर बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या असतील. मान वळवता येत नव्हती, म्हणून कोणी बोललं की अख्खं अंगच वळवायच्या. तबेल्यातलं काम सध्या बंद होतं. त्यांच्या सासूने मला बिनदुधाचा चहा दिला, तांदळाची भाकरी आणि सुकट दिलं. तुम्ही कधी गेलात आणि असं काही पुढे आलं तर नको म्हणू नका.

मला त्यांचे त्या दिवशीचे कपडे हवे होते. दात लागले तिथे लाळ लागलेली असणार. ब्लाउज दवाखान्यात कापून टाकलेला. साडी?

“ती त्याला दिली,” सासू म्हणाल्या.

या पाड्यात अशी रीत आहे की वाघाने, आणि बिबट्यालाही ते वाघच म्हणतात, शिवलेलं कापड घरात परत न्यायचं नाही. ते त्यांच्या देवाला, वाघोबाला द्यायचं. सगळ्या पाड्यांत असंच करतात का, मला ठाऊक नाही. चिंचेखाली शेंदूर लावलेला उभा दगड आणि त्याच्या पायाशी, एका गोट्याखाली दाबून ठेवलेला हिरव्या साडीचा फाटका पदर. साडी बाकीची नदीत सोडली, पदर तेवढा इथे. त्यावर तेलाचे डाग, शेंदूर, वाळलेलं रक्त.

आमच्या घरी देव नाहीत. आजोबांनीच ते सोडले. त्यामुळे मी हात जोडले नाहीत. चपला मात्र काढल्या.

दिलेलं परत मागायचं कसं? मी समजावत राहिले की मला सगळा पदर नको, तळहाताएवढा तुकडा पुरे, आणि त्यातला जो उरेल तो मी परत आणून देईन. सासूबाई मान हलवत होत्या. शेवटी शेवंताबाई उठल्या, हळूहळू चालत दगडापाशी आल्या आणि स्वतःच्या हाताने गोटा बाजूला केला. मी हातमोजे घातले, कात्री काढली. तेव्हा त्यांनी ते विचारलं. त्याच्यासाठी का त्याच्याविरुद्ध.

“मावशी, मला फक्त खरं काय ते बघायचंय,” मी म्हटलं. हे मला तेव्हा फार सुंदर उत्तर वाटलं होतं.

“ते तर मीपण सांगते,” त्या म्हणाल्या आणि कात्रीकडे बघत राहिल्या.

ऊन उतरायला लागलं होतं, रिक्षा मिळेनाशी झाली असती. मी दातांच्या भोकाजवळचा तुकडा कापला, पाकिटात घातला, वर तारीख-वेळ लिहिली, आभार मानले आणि निघाले.

बोरिवली

बोरिवलीला आता मेट्रोने जा. राष्ट्रीय उद्यान नावाचंच स्टेशन आहे, उतरून थोडं चाललं की दार. सोमवारी बंद असतं, दर वर्षी कोणी ना कोणी मुलाबाळांना घेऊन सोमवारीच येतं आणि दाराशी भांडतं. बाहेर बायका करवंदं-जांभळं विकतात, या दिवसांत बोरं होती. ती घ्या, तिखटमीठ लावून देतात.

मी मात्र जिथे गेले तिथे तुम्हाला सोडणार नाहीत, आणि ते बरंच आहे. घरत साहेब, म्हणजे तिथले वनक्षेत्रपाल, स्वतः बरोबर आले. बारीक अंगाचा, शांत माणूस. पिंजऱ्यातल्या नराला तिथले लोक ‘पाहुणा’ म्हणत. डॉक्टरांनी रक्त आधीच काढून ठेवलं होतं, मला नळी तेवढी ताब्यात घ्यायची होती. तरी मी बघायला गेले.

तो कोपऱ्यात बसला होता. वरचा एक सुळा तुटला होता, गजांना चावून. आम्ही आलो तसं त्याने एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. पाठीचे ठिपके श्वासाबरोबर वरखाली होत होते. काकांनी सांगूनही मी जास्त वेळ बघितलं.

“तुमच्या कागदावर आहे सगळं,” साहेब म्हणाले. “तोच असेल तर माझा प्रश्न सुटला. नसेल तरी सुटला. फक्त स्पष्ट काय ते द्या.”

आमची प्रयोगशाळा अंधेरीत आहे. पुढचे काही दिवस मी तिथेच होते, म्हणून त्यांचं प्रवासवर्णन नाही. मुलुंडच्या ताज्या विष्ठेतून निम्माच डीएनए धड निघाला. एवढं चालतंच. पदराकडून तर मला काहीच आशा नव्हती. उन्हात पडलेलं कापड, तेल, शेंदूर. आणि निघालं काय? पूर्ण. डीएनएतल्या ज्या जागा आम्ही तपासतो त्या सगळ्या, एकही न गाळता. पाहुण्याच्या रक्ताशी तंतोतंत.

सर उठून माझ्या टेबलाशी आले. ते सहसा येत नाहीत. “झकास,” म्हणाले. “असं कापडावरून पूर्ण जुळणं मी फार वेळा बघितलेलं नाही.”

मी म्हटलं, सर, जरा जास्तच चांगलं नाही का आलं? विष्ठेतून निम्मं आणि त्या तेलकट चिंधीतून पूर्ण?

“नशीब चांगलं असलं तरी तुला त्रास होतो,” ते हसून म्हणाले. त्यांनी माझ्यासमोरच घरत साहेबांना फोन केला की जुळतंय, लेखी उद्या येईल. साहेबांनी दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला बैठक लावली. त्यात पाहुण्याला कायमचा ठेवायचं ठरणार होतं.

मला काम उरलं ते एवढंच की सकाळी पाड्यावर जाऊन ते कापड शेवंताबाईंचंच आहे, अशी त्यांची सही घेऊन यायची.

पुन्हा आरे

या वेळी मेट्रोने आरे स्टेशनला उतरले आणि तिथून रिक्षा केली. घाटकोपरकरांना हाच मार्ग सोपा. अंधेरीपर्यंत मेट्रो, तिथे गाडी बदला.

शेवंताबाईंनी नाव गिरवायला पेन हातात घेतलं आणि विचारलं, काय निघालं. खरं तर सांगायचं नसतं. पण त्यांच्या मानेवर टाके आणि त्यांनाच सांगायचं नाही, हे मला जमेना.

“तोच निघाला, मावशी. त्याचीच लाळ आहे पदरावर.”

“असणारच ना,” सासूबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या. “त्याने चावला ना तो.”

मला वाटलं, त्या हल्ल्याबद्दलच बोलतायत.

“पिंजऱ्यात,” त्या म्हणाल्या.

मग जे कळलं ते सांगते. सकाळी पिंजऱ्यात बिबट्या दिसला. वनखात्याची गाडी यायला अजून वेळ होता. सासूबाई आणि चार बायका घराबाहेर ठेवलेला पदर घेऊन पिंजऱ्यापाशी गेल्या. ही दुसरी रीत. धरलेल्या वाघाला ते कापड दाखवायचं, ओळख विचारायची. पदर काठीला बांधून गजांतून आत धरला. त्याने झडप घातली, दातात पकडला, हिसके दिले. ओढून काढताना तो आणखी फाटला. मग तो दगडापाशी नेऊन ठेवला.

म्हणजे मी कापलेल्या तुकड्यावरची ती सुंदर, पूर्ण, एकही जागा न गाळलेली लाळ पिंजऱ्यातली होती. हल्ल्याच्या वेळची होती की नव्हती, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. एकाचं दुसऱ्याला लागता कामा नये म्हणून मी मुलुंडच्या रानात हातमोजे बदलत होते. आणि हा पदर मी कापण्याआधीच पिंजऱ्यात जाऊन आला होता.

“पण मग तुमच्यात काय समजतात?” मी विचारलं. “चावला म्हणजे?”

“ज्याने केलं तो कापड बघून तोंड फिरवतो,” सासूबाई म्हणाल्या. “ज्याने नाही केलं तो चावतो. राग येतो ना त्याला.”

“तो नव्हताच,” शेवंताबाई म्हणाल्या. “मी बोलले होते गाडीतून आलेल्या एका गार्डला. तो हसला. तू विचारलंच नाहीस.”

नाहीच विचारलं. पदर कुठून कापू हे विचारलं. हल्ल्यापासून दगडापर्यंत तो कुठे कुठे गेला, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांनीही लपवलं नव्हतं. जे अख्ख्या पाड्याला माहीत, ते मला माहीत नसेल हे त्यांना कसं सुचणार?

आता इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. बिबट्या चावला म्हणून तो निर्दोष, हे मला पटत नाही. बोरिवलीत मला बघून त्याने तोंड फिरवलं होतं, तेही मी विसरलेले नाही, आणि त्याचाही मी काही अर्थ काढत नाही. पण जो पुरावा त्यांच्या लेखी त्याला सोडवत होता, त्यानेच आमच्या लेखी तो अडकला होता. आणि त्यांचा पुरावा निदान त्यांनी डोळ्यांनी बघितलेला होता.

सव्वा वाजला होता. सरांना फोन लावला, लागेना. पाड्यावर रेंज चिंचेखाली येते आणि जाते. रिक्षा मिळेपर्यंत मी मुख्य रस्त्याकडे चालत सुटले, ज्या वाटेवर हल्ला झाला त्याच वाटेने, हे अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं. दोन्ही बाजूंना गवत कमरेएवढं. मला पळायचं होतं आणि पळू नये हेही माहीत होतं. तांबेकाकांनीच शिकवलेलं, पाठ दाखवून धावू नको. मी मोठ्याने बोलत चालले. काय बोलत होते तर बैठकीत काय म्हणायचं ते.

मेट्रोत सरांचा फोन लागला. मी सगळं सांगितलं. 

“तू बैठकीला जाऊ नकोस,” ते म्हणाले. “मी लिहीन त्यांना. नीट शब्दांत. आपण काल ‘जुळतं’ म्हटलंय, आज ‘नाही’ म्हटलं तर उद्या कोण विचारेल आपल्याला?”

“सर, ‘नाही’ म्हणायचंच नाहीये. काहीच म्हणता येत नाही, एवढंच म्हणायचंय.”

“ते आणखी वाईट,” सर म्हणाले. त्यांचंही चुकत होतं असं नाही. त्यांची वीस वर्षं त्या प्रयोगशाळेत गेली आहेत. पण त्यांचं हे नवं पत्र उद्या गेलं असतं, आणि बैठक तीनला होती.

मी राष्ट्रीय उद्यान स्टेशनला उतरले.

बैठकीत माणसं फार नव्हती. मी दारातून आत गेले, उभ्यानेच बोलले. पदर, काठी, गज, सगळं. कोणीतरी हसलं. घरत साहेब हसले नाहीत.

“म्हणजे तो हा नाही?”

“तसं मी म्हणत नाही, साहेब.”

“मग हाच आहे?”

“तसंही म्हणता येत नाही. या कापडावरून आता काहीच म्हणता येणार नाही. कालचं जुळलेलं मी मागे घेते.”

“तुमच्या सरांना माहीत आहे?”

“मी इथे आले आहे हे माहीत नाही.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “उद्या मी याला सोडला आणि पुन्हा कोणाला काही झालं तर?”

 “ते मला माहीत नाही,” मी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की मग हे पाड्यावर जाऊन त्या बाईंना कोण सांगणार. मी म्हटलं, मी.

पुरावा नाही म्हणून ठेवता येणार नाही, असं शेवटी ठरलं. पाड्याच्या वाटेवर दिवे लावायचे, कमरेएवढं गवत कापायचं आणि संध्याकाळी गस्त घालायची, हेही ठरलं. गवत कापलंय. दिव्यांचे खांब आलेत, दिवे यायचेत. पाहुण्याला काही दिवसांनी पहाटे जंगलात सोडलं. मी नव्हते. तांबेकाकांचा फोन आला.

“गेलो तो,” ते म्हणाले. “मागे वळान बघूक नाय.”

घर

आता या फेरीचा हिशोब म्हणाल तर पैसे फारसे लागत नाहीत. मेट्रो, बस, रिक्षा आणि बोरं. पायात बूट हवेत, पाण्याची बाटली हवी. मुलुंडची सावर फेब्रुवारीत बघावी. आरेत अंधार पडायच्या आत बाहेर पडावं, आणि तिथे राहणाऱ्यांना ते शक्य नसतं हे लक्षात ठेवावं.

शेवंताबाईंना मी सांगायला गेले तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, सोडला का. मी हो म्हटलं. त्यांनी हात मानेकडे नेला, तो टाक्यांवरून फिरवला आणि म्हणाल्या, आता मी लवकर येत जाईन. तो नव्हता असं त्यांनाच वाटतं, तरी हात मानेकडे गेला. मला त्यांच्या निर्धास्तपणाचं ओझं नको होतं आणि भीतीचंही. दोन्ही घेऊन आले.

आईला मी सगळं सांगितलं. ती साडीला फॉल लावत होती. तिने दोरा तोडून विचारलं, “आणि त्या बाईचा तुकडा?”

तो प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये होता. निम्मा वापरला गेला, निम्मा उरला. सरांना मी दोनदा विचारलं होतं. नमुना कधी कोणी परत देतं का, असं ते म्हणाले. राहू दे, जागा खात नाही. त्यांचं आणि माझं सध्या कामापुरतंच बोलणं होतं. मी म्हटलं, पण त्यातून आता काहीच सिद्ध होत नाही, आणि मी उरलेला परत देईन असं सांगितलं होतं. ते म्हणाले, सांगायला काय जातं.

आज रविवार. मी अंधेरीला गेले, फ्रीजर उघडला, पाकीट काढलं आणि नोंदवहीत ‘मालकिणीला परत’ असं लिहून खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. आरेला पोचेपर्यंत तुकडा मऊ झाला होता. शेवंताबाई आल्या, गोटा बाजूला केला. मी कात्रीने कापलेली कड अजून तशीच सरळ होती. त्यांनी तुकडा तिथे लावून ठेवला आणि गोटा पुन्हा वर ठेवला.

सर उद्या सकाळी वही उघडतील.